तळ्यात सोडलेली कार्डं

आमचा येसाजीकाका जन्मात कधी खोटं बोलला नाही, आणि त्याच्या हातून जेवढं नुकसान झालं तेवढं एखाद्या अट्टल लबाडाच्या हातूनही झालं नसतं. हे मी रागानं लिहिते आहे. राग काकावर नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. आम्ही बसवनगुडीतले भावसार, जातीचे शिंपी. चार पिढ्या बंगळुरात गेल्या, घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर कन्नड. गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत आजोबांचं दुकान होतं. दुकानाची एक जुनी रीत होती. आयुधपूजेला मशीन, कात्री, टेप, इस्त्री यांच्याबरोबर मापांची वहीही आमच्या कुलदेवी हिंगुळांबिकेपुढे ठेवायची, तिला हळदकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला ती वही तळ्यात सोडून नवी सुरू करायची. आजोबा म्हणत, "माणूस वर्षभरात बदलतं. जुन्या मापानं कापशील तर कापडही जाईल आणि गिऱ्हाईकही."

तयार कपड्यांनी बाजार भरला आणि १९८६ साली दुकान बंद पडलं. काका बंगळुराबाहेर होसकोट्याच्या एका शर्टांच्या फॅक्टरीत सुपरवायझर म्हणून लागला. त्याच्या हाताखाली आजूबाजूच्या खेड्यांतल्या साठ बायका होत्या. काल-परवापर्यंत नाचणीच्या शेतात वाकणाऱ्या. त्यांना मशीनवर बसायला, दोरा ओवायला, कॉलर बसवायला त्यानं शिकवलं. कॉलर वाकडी आली की तो भडके, तोंडाला येईल ते बोले, आणि मग स्वतःच शेजारी बसून ती उसवून देई. बायका त्याला अण्णा म्हणत. त्यांच्या बारशांना आणि लग्नांना जाऊन जाऊन काकाला होसकोटे तालुका तोंडपाठ झाला होता.

पहिल्याच वर्षी फॅक्टरीत आयुधपूजा झाली. मशीनना झेंडूच्या माळा घातल्या, कोहळा फोडला. तेव्हा कुणीतरी बाई म्हणाली, "अण्णा, मशीनची पूजा झाली. आमचं आयुध कोणतं?" काका म्हणाला, "तुमचं हजेरीचं कार्ड." बस्स, साठ जणींनी आपापलं कार्ड ताटात ठेवलं. काकानं दुकानाची रीत तिथं चालवली. रविकुमार नावाचा मॅनेजर होता, त्याला जाऊन सांगितलं की आमच्यात दसऱ्याला नवी वही घालतात, तशी बायकांना नवी कार्डं द्या. रविकुमारनं अर्धा मिनिट विचार केला म्हणे, आणि मग काकाचे हात हातात घेतले. "किती चांगली पद्धत आहे तुमची, अण्णा! दर वर्षी करा."

तेव्हापासून दर दसऱ्याला मिठाईच्या डब्यांबरोबर नवी कार्डं छापून तयार येऊ लागली. जुनी कार्डं काका होसकोट्याच्या तळ्यात सोडून येई, अनवाणी, आंघोळ करून. कार्डांची प्लॅस्टिकची कव्हरं तेवढी आधी काढून घेई, प्लॅस्टिक पाण्यात टाकलेलं देवीला चालायचं नाही म्हणून. नव्या कार्डाला जुनं डागाळलेलं कव्हर घालणं त्याला अशुभ वाटे. नवी कव्हरं तो ॲव्हेन्यू रोडवरून पदरमोड करून आणी, आणि ती दर वेळी एखाददुसरं कमी पडत. मग स्वतःचं कार्ड तो तसंच उघडं वागवी. दुसऱ्याच्या शर्टाला काजं करणारा शिंपी स्वतः बटण तुटलेला सदरा घालतो, त्यातलीच ही गत.

असं अकरा वर्षं चाललं.

१९९७ च्या जूनमध्ये काका एका बाईला घेऊन आमच्या ऑफिसात आला. मी तेव्हा बसवनगुडीतच भीमाचार्य वकिलांकडे टायपिस्ट होते. बाईचं नाव पुष्पावती. होसकोट्याच्या पलीकडच्या खेड्यातली, पहिल्या दिवसापासून काकाच्या लाइनवर कॉलर बसवणारी. मांडीवर सात महिन्यांची मुलगी. या मुलीला फॅक्टरीत ठेवायला जागा नव्हती. बायका तान्ही पोरं चिंध्यांच्या पेटीत निजवायच्या आणि मॅनेजर दिसला की वर कापड ओढायच्या. एकदा पुष्पावतीच्या मुलीचा त्या कापडाखाली श्वास कोंडला. काकानंच तिला उचलून बाहेर काढलं. त्यानंतर पुष्पावतीनं कुणाकडून तरी माहिती काढली की एवढ्या बायका कामाला असतील तर मालकानं पाळणाघर द्यायचंच असतं, तसा कायदाच आहे. तिनं अर्ज लिहवून घेतला, चाळीस बायकांच्या सह्या-अंगठे घेतले आणि रविकुमारच्या टेबलावर ठेवला. तिसऱ्या दिवशी वॉचमननं तिला गेटच्या आत घेतलं नाही. नोटीस नाही, कारण नाही.

भीमाचार्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला. "केस चांगली आहे. मागच्या बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस काम भरलं असेल, तर असं उचलून बाहेर फेकता येत नाही. मस्टर कंपनीच्या ताब्यात असतं, ते आपल्याला दाखवणार नाहीत. हजेरीची कार्डं आहेत ना?"

"तेवढंच ना!" काकाचा चेहरा उजळला. "अकरा वर्षांची आहेत की! बाळंतपणाची रजा सोडली तर एक दिवस खाडा नाही हिचा."

"सरी, ठीक आहे. आणा मग."

काका उठला. दोन पावलं दारापर्यंत गेला आणि थांबला. त्याची पाठ मला दिसत होती. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मी टाइपरायटरवरचे हात काढून घेतले.

"चालू कार्ड हिच्याकडे आहे," तो म्हणाला. "बाकीची मी... आम्ही पूजा करतो ना दसऱ्याला."

पुष्पावतीनं कमरेच्या पिशवीतून कार्ड काढून दिलं. भीमाचार्यांनी ते उलटसुलट केलं. वरच्या ओळीत कामावर रुजू झाल्याची तारीख होती, गेल्या ऑक्टोबरची, दसऱ्यानंतरची. ती तारीख अकरा वर्षं दर कार्डावर नवी येत होती. काकाला ती दिसत होती, बायकांना दिसत होती. नव्या कार्डाला नवी तारीख असणारच, यापलीकडे कुणाच्या मनात काही आलं नव्हतं.

"म्हणजे कागदावर ही बाई आठ महिन्यांपूर्वी लागली," भीमाचार्य हळू म्हणाले. "रविवार आणि सुट्ट्या सोडल्या तर दोनशे दिवसही भरत नाहीत. बाकीची कार्डं कुठं आहेत म्हणालात?"

"तळ्यात," काका म्हणाला. "मी सोडली. माझ्या हातानं."

मी हादरले. अकरा वर्षं हा माणूस आंघोळ करून, अनवाणी चालत जाऊन साठ बायकांचा हक्क पाण्यात टाकून येत होता आणि घरी येऊन आम्हाला प्रसाद वाटत होता. मीही तो प्रसाद खाल्ला होता. रविकुमारनं हात हातात घेतले त्याचा अर्थ आता लागला. त्या मेल्याला नव्या तारखा छापण्यापलीकडे काही करावंच लागलं नव्हतं. भोळ्या माणसाची भक्ती फुकट वापरून घेतली होती.

पुष्पावती मात्र काकावर ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

सुनावणी लेबर ऑफिसरपुढे झाली. काकानं साक्ष द्यायची ठरवलं. घरात सगळ्यांनी समजावलं, नोकरी जाईल. तो ऐकेना. "बुडवली मी, तर बोलणार पण मीच." उभा राहून त्यानं सगळं सरळ सांगितलं. पूजा, ताट, तळं, काही लपवलं नाही. कंपनीतर्फे रविकुमार आला होता. जुनी मस्टरं वाळवीनं खाल्ली, असं तो आधीच सांगून बसला होता. काकाचं बोलणं संपल्यावर त्यानं शांतपणे विचारलं, "अण्णा, तुम्ही कंपनीत कधीपासून आहात?"

"शहाऐंशीपासून. तुम्हीच तर घेतलं मला."

रविकुमारनं फाइलमधून एक कागद काढून ऑफिसरपुढे सरकवला. काकाच्या कार्डाची नक्कल. रुजू तारीख गेल्या ऑक्टोबरची. "हे गृहस्थ आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे लागले आहेत, साहेब. अकरा वर्षांपूर्वीचं यांना काय माहीत?"

काकानं तो कागद हातात घेतला. मी त्याच्या मागेच बसले होते. आपलं कार्डही त्याच ताटात होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, शपथेवर सांगते. साठ बायकांच्या काळजीत त्यानं स्वतःला मोजलंच नव्हतं. कागद परत टेबलावर ठेवून तो खाली बसला. त्याच संध्याकाळी त्याला कळवण्यात आलं की उद्यापासून यायचं नाही.

पुढच्या तारखेला एखादा तरी कागद आणा, ऑफिसर म्हणाले. कागद कुठून आणणार? काका दोनदा होसकोट्याला जाऊन आला. पाऊस ओढला होता, तळं काठानं आटलं होतं. घोटाभर चिखलात उतरून तो हातानं चाचपत राहिला. झेंडूचे देठ मिळाले, एक फुटका कोहळा मिळाला. कागद अकरा वर्षांत कुठला राहतो?

तेव्हाच्या एका रविवारी मी त्याच्याकडे गेले होते. माझ्या ब्लाउजचा हूक तुटला होता. काकू म्हणाली, "डब्यातनं घे." काकाचा हा बटणांचा डबा आम्हाला लहानपणापासून माहीत. शिंपी काही फेकत नाही; हूक वेगळे, टिचबटणं वेगळी, काळी बटणं वेगळी, प्रत्येकाची चपटी प्लॅस्टिकची पिशवी. मी हुकांची पिशवी उचलून खिडकीशी धरली आणि आतल्या हुकांच्या आड मला उलटी अक्षरं दिसली.

ती पिशवी नव्हती. ते कार्डाचं कव्हर होतं. मागच्या बाजूच्या पांढऱ्या, आरपार न दिसणाऱ्या मऊ प्लॅस्टिकनं कार्डाच्या पाठीवरची शाई ओढून घेतली होती. निळ्या बॉलपेननं लिहिलेलं नाव, आणि खाली गेटवर रोज मारतात त्या तारखेच्या जांभळ्या शिक्क्यांच्या ओळी. सगळं उलटं, फिकट, पण होतं. मी ते आरशासमोर धरलं आणि किंचाळले. काकू धावत आली. तिला वाटलं मला विंचू चावला.

आम्ही डबा जमिनीवर उपडा केला. मग माळ्यावरचे दोन डबे काढले. हूक, बटणं, लेसचे तुकडे यांचा ढीग झाला आणि शेजारी कव्हरांचा. शेकड्यांनी कव्हरं. काका एकेक आरशापुढे धरून नाव वाचायचा. पुष्पावतीची सात निघाली, सगळ्यांत जुनं शहाऐंशीचं. त्यांत मागच्या दसऱ्याचंही होतं, म्हणजे गेल्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचे रोजचे शिक्के. चालू कार्डाचे दिवस त्यात मिळवले की दोनशे चाळीसच्या वर आरामात जात होते.

"काका, तुझं?" मी विचारलं.

तो हसला. त्या महिन्यात पहिल्यांदा हसला. "मला कुठलं कव्हर, उल्के? कमी पडायची ना."

पुढच्या तारखेला भीमाचार्यांनी एक हातआरसा टेबलावर ठेवला तेव्हा ऑफिसरना वाटलं, म्हातारा चळला. मग त्यांनी स्वतः पाहिलं. एक, दोन, सातही. रविकुमारनं पाहिलं आणि पाणी मागितलं. प्रकरण कोर्टात जायच्या आतच, सप्टेंबरात, कंपनीनं समझोता लिहून दिला. पुष्पावतीची नोकरी १९८६ पासून धरली गेली. ज्यांची कव्हरं सापडली त्या सगळ्यांची धरली गेली. पाळणाघरासाठी पॅकिंगच्या बाजूची खोली रिकामी केली.

येसाजी पिसे यांची नोकरी मात्र आठ महिन्यांचीच राहिली. भीमाचार्य म्हणाले, बायकांच्या साक्षी काढू. बायका तयार होत्या. काकानंच नको म्हटलं. "त्यांची पोटं गेटच्या आत आहेत. मी आता बाहेरच आहे." मी त्याच्याशी भांडले, वाट्टेल ते बोलले. शेवटी तो म्हणाला, "स्वल्प चहा टाक."

त्या ऑक्टोबरात आयुधपूजेच्या दिवशी आम्ही सगळे काकाकडे जमलो होतो. ओसरीवर घरचं जुनं मशीन मांडलेलं, वर झेंडूची माळ. काका पुन्हा घरी शिवणकाम करू लागला होता, म्हणून मापांची वहीही होती. दुपारी फॅक्टरीतली पूजा आटोपून पुष्पावती आली, कडेवर मुलगी. तिनं पिशवीतून आपलं कार्ड काढलं आणि काकाच्या ताटात ठेवलं.

"तिकडे ठेवलं नाही," ती म्हणाली. "कुणीच ठेवलं नाही. ताट रिकामंच फिरलं."

काकानं कार्डावर हळदकुंकू वाहिलं. आरतीही पूर्ण होऊ दिली नाही त्यानं. कार्ड उचलून तिच्या हातात दिलं, तिची मूठ दोन्ही हातांनी मिटवली आणि म्हणाला, "ट्रंकेत ठेव. कुणी मागितलं तरी देऊ नको. मी मागितलं तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेले. काका आंघोळ करून बसला होता. ताटातली मापांची वही त्यानं उचलली, त्यावरचं कुंकू धोतराच्या सोग्यानं पुसलं, ती कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. नवी वही त्यानं आणलीच नव्हती.