अण्णांचा डावा डोळा

आमच्या गल्लीच्या तोंडाला अण्णांचं मर्तिकाच्या सामानाचं दुकान होतं आणि अण्णांच्या डाव्या डोळ्याला कायम पाणी. गिऱ्हाइकाला वाटायचं, बिचारा आपल्या माणसासाठी रडतोय. मी त्यांची नक्कल करायचो. टॉवेलाच्या टोकानं डोळा टिपायचा आणि घोगऱ्या आवाजात म्हणायचं, "मडकं मोठं दावू का बारकं?" पोरं हसून लोळायची. अण्णाही हसायचे. "बेस करतोस. फकस्त माजा डोळा डावा हाय, तू उजवा पुसलास."

त्या दुकानात कुणाला 'या' म्हणत नाहीत, 'परत या' तर नाहीच. तरी गिऱ्हाईक येणार हे अण्णांना आधी कळायचं. एरवी झिरपणारा डोळा एखाद्या सकाळी धार धरायचा. अण्णा गुमान मडकं, बांबू, सुतळी बाहेर काढून ठेवायचे आणि दुपारपर्यंत कुणीतरी यायचंच. एकदा समोरचे मास्तर दुधाची पिशवी घेऊन चालले होते. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं, डोळा वाहिला, तसे अण्णा तोंड झाकून आत गेले. मास्तर त्याच दिवशी वारले. मी नक्कल बंद केली.

मग अण्णांच्या सुमीचं लग्न ठरलं, कबनूरला. अण्णांनी धास्तीच घेतली.

"पोरीकडं बगताना ह्यो फुटला तर, लेका?"

मी त्यांना डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी पापणी खाली ओढून बघितली. "काका, डोळ्याच्या पांढऱ्यावर पातळ पडदा असतो. तो सैल पडलाय. त्याच्या चुण्यांनी पाणी जायची वाट अडवलीय. जादाचा कापू, राहिलेला ताणून चिकटवू."

"म्हंजे पाटलोण आल्टर करायची," मी म्हणालो.

अण्णा हसले नाहीत. "म्हंजे ह्येला पुढचं काय कळत न्हाय?"

"डोळ्याला कसं कळेल, काका? वयानं होतं हे."

ऑपरेशन झालं. काही दिवस डोळा लालभडक होता, मग कोरडा ठाक. आता गिऱ्हाईक न सांगता यायचं आणि अण्णा दचकायचे. "सांगायचं तरी की," असं कुणाला तरी पुटपुटायचे. दुकानात तेव्हा त्यांच्याखेरीज मी एकटाच असायचो.

लग्नात अक्षता पडल्या, डोळा कोरडा. जेवणं उठली, तरी कोरडा. सुमी गाडीत बसली, काच वर गेली. अख्खा मांडव रडत होता. अण्णा काचेला नाक लावून बघत राहिले. मग वळून त्यांनी माझा दंड धरला.

"डोळा वला हाय काय रं?"

उजवा डोळा कोरडा होता. डाव्याला धार लागली होती.

"न्हाय, अण्णा."

त्यांनी गालावरनं हात फिरवला, तळवा बघितला आणि टॉवेलाला पुसला.

दुसऱ्या दिवसापासनं रोज सकाळी कबनूरला फोन. "बरी हाईस न्हवं? रस्ता बगून वलांड." सुमी वैतागायची. नवव्या दिवशी फोन गेला नाही, म्हणून तिनं मला लावला. "बघ की जरा अण्णांकडं." मी गेलो. अण्णा खुर्चीत होते, गार पडलेले.

सुमी अजून विचारते, "मी सासरला निघताना अण्णा माझ्याकडंच बघत होते न्हवं?"

मी व्हय म्हणतो. मी त्यांच्या मागंच उभा होतो. भर दुपारचं ऊन, गाडीची काच काळी. आतली सुमी दिसतच नव्हती. काचेत दिसत होते ते अण्णाच.