नागसेनदादांनी हात का उगारला नाही

बातमी आली तेव्हा मी भगुणं घासत होते. नागसेनदादांच्या बायकोचा, वंदनावहिनींचा फोन होता. "सिस्टर, हे गेले. सकाळी झटका आला, उठलेच नाहीत…" पुढं त्या काही बोलल्या असतील, मला ऐकू आलं नाही. हातातलं भगुणं मी भिंतीवर आपटलं. भिंतीचा टवका उडाला. आमचे हे धावत आले, "अगं, काय झालं?" मी म्हणाले, "मारलं त्यांना. एवढे महिने लागले, पण शेवटी मारलंच." रडू नंतर आलं. आधी राग आला आणि तो अजून गेलेला नाही, तेवढं वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

स्मशानात माझ्या मागं दोन माणसं कुजबुजत होती. "आरतीचं ताट लाथाडलं होतं, तो हाच ना?" "व्हय, हाच." चिता अजून पेटायची होती हो! मी वळून विचारलं, "तुम्ही होता का तिथं? मी होते." त्यांना पटलं असं काही दिसलं नाही. शहरात दादांचं नाव आता असंच घेतात. त्यांची लेक कॉलेजात जाते, तिलाही मैत्रिणी ऐकवतात. बापानं आयुष्यभर काय केलं ते राहिलं बाजूला, एक ताट तेवढं राहिलं. म्हणून लिहायला बसले. मला लेख लिहिता येत नाही, भांडता येतं. तेवढ्यावर भागवते.

आमच्या दवाखान्यात दादा ऑक्सिजनचं चेंबर चालवायचे, हायपरबेरिक म्हणतात ते. माणूस आत झोपेल एवढी जाड, आरपार दिसणारी एक आडवी नळी. पेशंटला आत सरकवायचं, दार लावायचं आणि शुद्ध ऑक्सिजन भरत दाब वाढवायचा. शुगरनं चिघळलेले पाय, चेंगरलेले हात, जिथं रक्त धड पोचत नाही अशा जखमा त्यानं भरायला लागतात. पण तिथं ठिणगी पडली तर विझवायला कुणाला सवड मिळत नाही. त्यामुळं पेशंटच्या अंगावर फक्त सुती कपडे. नायलॉन नाही, मोबाईल नाही, तेल नाही, मलम नाही. आतून सुटणारा ऑक्सिजन पाइपानं थेट इमारतीबाहेर न्यायचा, खोलीत सोडायचा नाही. आणि दाब असेपर्यंत दार उघडत नाही. आत माणूस कितीही ओरडो, दाब हळूहळूच उतरवावा लागतो.

हे नियम लोक भिंतीला चिकटवतात आणि विसरतात. दादा माणसाच्या अंगावर धावून जाऊन ते पाळायला लावायचे. अजिंठ्याकडची एक आजी आली होती, केसांत बचकभर तेल, गळ्यात कापराची पुरचुंडी. पुरचुंडी काढू देईना. दादांनी कात्रीनं दोरा कापला. आजीनं त्यांच्या थोबाडीत दिली. दादा म्हणाले, "आजे, अजून एक मार, पण डोकं धुऊन ये. आत भडका व्हईल, तुझी राख पण सापडायची नाय." मग तिचं डोकं मीच धुतलं, तिनं मलाही शिव्या दिल्या. एका नव्या ब्रदरनं खोलीत मोबाईल आणला, तर दादांनी तो फिनाइलच्या बादलीत बुडवला. पोरगं रडायला लागलं. मला इतका संताप आला की हातातला ट्रे मी दादांना फेकून मारला. कानाला लागला. दादा कान चोळत म्हणाले, "सिस्टर, नेम चांगला हाय. पण ट्रे लोखंडी हाय, ठिणगी उडते." हसावं की पुन्हा मारावं, कळेना मला.

सोपा माणूस नव्हता तो. लोकांचं मन दुखवायचे आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. मी एकदा तोंडावर सांगितलं, "दादा, तुमच्या जिभेला हाड नाही. माणसं घाबरून येतात इथं, जरा गोड बोलावं." तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढं उघडले. कातडी ओढून शिवल्यासारखी, रेषा नाहीत. तरुणपणी ते वाळूजला एका कारखान्यात होते. मे महिन्याचा उकाडा. बरोबरीच्या रमेशनं गार वाटावं म्हणून ऑक्सिजनची नळी शर्टात सोडली. असं पुष्कळ जण करायचे म्हणे. शर्ट ऑक्सिजननं भरला, आणि जेवायच्या सुट्टीत त्यानं बिडी पेटवली… "बिडी नाय पेटली सिस्टर, रमेश पेटला. मी हातानं विझवत होतो. तो मला म्हणत होता, नागा, सोड, तू पण जळशील." दादांनी मुठी मिटल्या. "कुणीतरी आधी त्याच्या मुस्काटात मारायला पायजे होती. सगळे त्याच्याशी गोड बोलायचे." त्यानंतर मी त्यांना गोड बोलायला सांगितलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. वाळूजच्याच एका प्रेस शॉपमधला, पत्रा दाबायच्या मशीनवरचा दत्ता आमच्याकडं आला होता. मूळचा पाचोडचा, माझ्या माहेरचा. प्रेसखाली उजवा हात चेंगरलेला, बोटं काळी पडत चाललेली. चेंबरमध्ये घातलं नसतं तर हात कापावा लागला असता. आणि नेमका तेव्हाच बाहेर जाणाऱ्या पाइपाचा सांधा खोलीतल्या खोलीत गळायला लागलेला. दादांनी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन खुर्ची आपटली, टेबलाची काच फुटली. मोठे डॉक्टर म्हणाले, "दसरा होऊ दे, करून घेऊ." दादा मशीन बंदच करणार होते. पण दत्ताचा हात थांबणार होता का? मग खिडक्या सताड उघड्या, पंखा चालू आणि दाराशी कुणाला फिरकू द्यायचं नाही, असं करून ते रोज त्याला आत घेत होते. रोज मनातल्या मनात पेटत होते, ते त्यांच्या तोंडावर दिसायचं.

खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी यंत्रांची पूजा, हे काही सांगायला नको. कारखान्यात त्या प्रेसला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, लिंबू कापलं. मशीन कोपली म्हणून दत्ताचा हात गेला, असं सगळ्यांच्या मनात. आरती झाली. दत्ताचा मोठा भाऊ कैलास त्याच कारखान्यात. त्याला वाटलं, त्या मशीनची आरती दत्तानं घेतली म्हणजे हात वाचंल. वेडा होता, पण जीव होता भावावर, हे मलाही नाकारता येत नाही. पाचसहा जण ताट घेऊन आले, दवाखान्याच्या पायऱ्यांवर पुन्हा कापूर पेटवला आणि जयजयकार करत थेट आमच्या खोलीत. दत्ता आत, पूर्ण दाबाखाली. खोलीत पाइप गळतोय. आणि दारात पेटता कापूर.

दादा ओरडले नाहीत. ओरडायला वेळ नव्हता. झेप घेऊन त्यांनी ताट खालून उडवलं, ते बाहेर व्हरांड्यात जाऊन पडलं. कापूर फरशीवर जळत होता, तो बुटानं चिरडला. कापराबरोबर झेंडू चिरडला, कुंकू चिरडलं. तेवढंच लोकांनी पाहिलं आणि तेवढंच ते सांगतात! दादा लगेच उलटे फिरले, ऑक्सिजन बंद केला आणि दाब उतरवायला व्हॉल्व्हवर हात ठेवला. दुसरा एक जण पेटतं निरांजन घेऊन आत घुसत होता. मी त्याचा हात चावले, निरांजन बाहेर फेकलं आणि त्याला ढकलून दाराला पाठ लावून उभी राहिले. पण कैलास आणि आणखी दोघं आधीच आत होते. "आमच्या देवाला लाथ मारतो?" कैलास ओरडला. दुसऱ्यानं दादांची जात काढली. बौद्ध आहे, म्हणून मुद्दाम केलं, म्हणाला. माझ्याच गावची, माझ्याच जातीची माणसं ही. लाजेनं मेल्यासारखं झालं मला.

आणि मग त्यांनी मारलं. आधी बुक्क्या, मग लाथा. मी दाराशी किंचाळत होते, "अरे, माणूस आहे आत, तुमचाच माणूस!" कुणी ऐकेना. दार सोडलं असतं तर बाहेरचे पुन्हा कापूर पेटवून आत आले असते. आयुष्यभर क्षुल्लक गोष्टीवरून लोकांची गचांडी धरणारे दादा… त्यांनी हात उगारला नाही. एक हात व्हॉल्व्हवर, दुसऱ्या हातानं पॅनेलची कड धरलेली. ढकललं तरी सुटेनात. व्हॉल्व्ह एकदम फिरला असता तर दाब झटक्यात उतरून आत दत्ता संपला असता. नाक फुटलं, ओठ फाटला. कैलासनं सलाइनचा स्टँड उचलून डोक्यात घातला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दादा गुडघ्यावर आले. हात तिथंच. तोंड सताड उघडून मोठमोठ्यानं श्वास घेत होते, सोडत होते. मला वाटलं, जीव चाललाय यांचा. आत दत्ता डाव्या हातानं नळीवर दणादण मारत होता. बाहेर काही ऐकू येत नव्हतं. काटा शून्यावर आला, दादांनी दाराची कडी सोडवली, आणि मग ते पडले.

पोलिसांनी बाचाबाची लिहिली. मोठे डॉक्टर म्हणाले, सणासुदीचं कशाला वाढवता, मिटवून टाका. पाइप मात्र लगोलग दुरुस्त झाला. दादांना घरी बसवलं, लोक चिडलेत म्हणे. डोक्याच्या मारामुळं त्यांना फिटचे झटके यायला लागले, तेच शेवटी घेऊन गेले. कागदावर नैसर्गिक मृत्यू लिहिलाय. थू!

दादांच्या मागं घरी पुण्यानुमोदनाचा, त्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम झाला, त्याला माणसं थोडीच होती. बुद्धवंदना झाली आणि दारात दत्ता येऊन उभा राहिला. हात वाचलेला, दोन बोटं तेवढी गेलेली. मागोमाग कैलास, "चल ना घरी, काहून आला इथं?" म्हणत. दत्तानं त्याच्याकडं बघितलं नाही. वंदनावहिनींना म्हणाला, "वहिनी, मी भावाच्या घरात ऱ्हातो, भावाचं खातो. म्हणून इतके दिवस बोललो नाय. आज बोलतो. मी आतून सगळं बघत होतो. मी लई घाबरलो होतो, श्वास धरून ठेवला होता. दाब उतरताना श्वास धरायचा नसतो, छाती फाटते, हे दादांनी मला शिकवलेलं, पण भीतीपायी ध्यानातच नव्हतं. आणि दादा माझ्याकडं बघत होते. मारणाऱ्यांकडं बघितलंच नाय त्यांनी. माझ्याकडं बघून तोंड उघडत होते, श्वास घे, सोड, घे, सोड… तोंडात रक्त होतं, तरी करत होते. माझा श्वास सुटला तवाच त्यांनी मान खाली घातली."

मी तिथंच उभी होते त्या दिवशी, आणि मला वाटलं होतं जीव चाललाय. कैलास वहिनींच्या पायाशी बसला, रडायला लागला. वहिनींनी पाय मागं घेतले. "माझ्या पाया पडू नको," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या देखत मारलंस त्यांच्या देखत सांग. कारखान्यात जाऊन सांग, ताट कशापायी उडवलं ते." तो मान हलवत उठला आणि गेला. मला त्याची दया आली नाही, खोटं कशाला बोलू. त्यानं अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. दत्तानं कळवलं मला. म्हणून मी सांगते आहे, सगळ्यांची नावं छापून सांगते आहे.

चेंबर आता मी चालवते. दाब उतरवायची वेळ झाली की नळीजवळ तोंड नेऊन उभी राहते आणि तोंड आ करून मोठमोठ्यानं श्वास घेते, सोडते. मान वरखाली, डोळे मोठे. बाकीच्या नर्सेस तोंडाला पदर लावून खिदळतात, सिस्टरला भूत लागलं म्हणतात. लागू दे. आतला पेशंटही माझा अवतार बघून हसायला लागतो, आणि हसायला लागला की श्वास धरून ठेवता येत नाही कुणाला.