निळी पुरचुंडी

बायकोला वाटतं, माझं सगळं तिला ठाऊक आहे. कुठल्या पायाचं कुठलं नख काळं पडलंय इथपर्यंत. पण ही एक गोष्ट मी तिच्याही कानावर घातलेली नाही — सहा वर्षं झाली. कुणाच्याच कानावर नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. उद्या बाजारात समोर आलात तर मान खाली घालावी लागणार नाही, एवढा स्वार्थ त्यात आहेच.

पेणमध्ये मला ‘मॅरेथॉनवाले भाऊ’ म्हणतात. वय एकावन्न. नोकरी रोह्याच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. आजवर अकरा पूर्ण मॅरेथॉन पळालो — बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर. हे वरचे एकशे पंच्याण्णव मीटर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, यावरून माणूस कसा आहे ते ओळखा. दर रविवारी सकाळी आमचा ग्रुप जमतो. दोन डॉक्टर, एक शिक्षिका, गणपतीच्या कारखान्याचे मालक, चार-पाच दुकानदार. मी त्यांना शिकवतो. पहिला धडा मिठाचा. घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर अंगात उरलेलं मीठही पातळ होतं, पायात गोळे येतात, ओकाऱ्या होतात, डोकं चालेनासं होतं. म्हणून लांब पळायचं तर वाटेत मीठ घ्यायचंच. हे मी आज सांगतो, आणि सहा वर्षांपूर्वीही मला हे माहीत होतं. तेवढं लक्षात असू द्या.

जनार्दन आमच्याच कंपनीत पॅकिंगला होता, कंत्राटी. अजूनही आहे. पेण तालुक्यातल्या खाडीकडच्या गावचा, घरात पिढ्यानपिढ्या मिठागराचं काम. तेव्हा तो अडतीस वर्षांचा, एका मुलीचा बाप. कंपनीच्या वार्षिक खेळांत पाच किलोमीटरची शर्यत होती, त्यात हा माणूस कंपनीचे लोखंडी टोपणाचे सेफ्टी शूज घालून पळाला आणि माझ्या मागून चार पावलांवर आला. मी मोठ्या मनाने — हो, तेव्हा मोठंच वाटलं होतं — त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, उद्यापासून माझ्याबरोबर ये. माझे जुने बूट दिले. एक नंबर मोठे झाले, तर त्याने पुढे फडकं कोंबलं. कुणीतरी आपल्याकडून शिकतंय याची मजा काही औरच असते, नाही का?

आम्ही दोघंच, ग्रुपपासून वेगळे, खाडीच्या बांधावरून पळायचो, कधी रेल्वेच्या कडेने कासूपर्यंत, चढाचा सराव म्हणून गागोद्याच्या बाजूला. सुरुवातीला तो माझ्या मागे असायचा. मग शेजारी. मग एका मे महिन्यात मी धापा टाकत चढावर पोचलो तर हा वर दगडावर बसलेला. ओंजळभर करवंदं तोडून ठेवलेली, माझ्यासाठी. ‘भाऊ, घ्या,’ म्हणाला. आता खरं सांगतो — ती ओंजळ त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली. त्याने टेंभा मिरवला असता तर बरं झालं असतं. मला चिडायला काहीतरी हक्काचं मिळालं असतं. पण हा करवंदं देत होता, आणि मी ती खाल्ली.

एका रविवारी पहिल्या गाडीने रोह्याला गेलो आणि तिथून पळत पेणला आलो. म्हणजे तो आला. माझा दम नागोठण्यालाच संपला होता. पुढचा सगळा रस्ता तो माझ्यासाठी हळू पळाला, माझी बाटलीसुद्धा त्याच्याच हातात. आणि पेणच्या नाक्यावर ग्रुपची माणसं भेटली तर सांगतो काय — भाऊंनी आज कमाल केली. डॉक्टर माझ्याकडे न बघता त्याला विचारत होते, जनार्दन, तू श्वास कसा घेतोस? त्याचं उत्तर ठरलेलं. भाऊंनी शिकवलं. आठ वर्षं महागडे बूट, मनगटावर घड्याळ, मोजूनमापून जेवण, पहाटेचे गजर — आणि माझ्या वाट्याला काय, तर ‘भाऊंनी शिकवलं’. मला तो माझ्यापुढे नको होता. एवढी साधी, एवढी हलकी गोष्ट होती ती.

मग शहरातली ती मॅरेथॉन आली. त्याची पहिली, माझी सहावी. त्याच्या घरी या शर्यतीचं केवढं अप्रूप. तो पुरी पळाला तर कंपनीतले लोक त्याला नुसता पॅकिंगचा जना म्हणणार नाहीत, असं त्याला वाटायचं. एकदा बोलून गेला होता.

आता मुद्द्यावर येतो. — आधी सोपं तेवढं सांगतो.

तेहतिसाव्या किलोमीटरला तो मला दुभाजकावर बसलेला दिसला. पहिल्या दहा किलोमीटरांतच तो मला मागे टाकून गेला होता, आणि मधले अडीच तास मी त्याची पाठ शोधत पळत होतो. आता तो दोन्ही हातांनी पोटरी धरून बसला होता. चेहरा पांढरा. शर्टावर ओकारीचे डाग. मला बघून त्याने हात वर केला — सुटलो एकदाचा, अशा चेहऱ्याने. ‘भाऊ, गोळा आलाय. पाय हालत नाय.’ मी थांबलो नाही. पावलं जरा हळू केली आणि म्हणालो, ‘पाणी पी. पाय ताण. मी पुढे होतो.’

आणि पुढे झालो.

बस, एवढंच? — असं तुम्ही म्हणाल. शर्यतीत माणसं एकमेकांना ओलांडून जातातच. आमच्या ग्रुपमध्ये हे सांगितलं असतं तर कुणी भुवईही उंचावली नसती. म्हणूनच म्हटलं ना, हे सोपं होतं. खरी गोष्ट त्याच दिवशी सकाळी, शर्यत सुरू व्हायच्या आधी झाली.

उजाडायचं होतं. हजारो माणसं अंग गरम करत उड्या मारत होती. जनार्दनने खिशातून एक पुरचुंडी काढली. जुन्या निळ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली, लिंबाएवढी. त्याच्या आईने दिलेली. आत जाडं मीठ, त्यांच्याच आगरातलं. मिठागरात उन्हात काम करणारी माणसं पाण्याबरोबर मिठाचा खडा जिभेवर ठेवतात, म्हणजे पायात गोळा येत नाही. तिने कधी मॅरेथॉन बघितली नव्हती. पण पोरगं चार तास घाम गाळणार एवढं तिला कळलं होतं, आणि त्यावर काय करायचं तेही. माझ्या ग्रुपला मी पुस्तकं चाळून जे शिकवत होतो आणि जनार्दनला मात्र कधीच सांगितलं नव्हतं, ते त्या बाईने चिंधीत बांधून दिलं होतं.

‘भाऊ, आईनं दिलंय. चालंल ना?’

माझ्या कमरेच्या पट्ट्यात मिठाच्या गोळ्या होत्या. खास धावणाऱ्यांसाठी मिळतात त्या. आठ होत्या, आदल्या दिवशी मीच भरल्या होत्या.

मी म्हणालो, वेडा आहेस का? पळताना मीठ खाल्लं तर बीपी चढतं. छातीवर येईल. नुसतं पाणी प्यायचं, वाटेत दिसेल त्या पाण्याच्या टेबलावर, भरपूर. आणि हात पुढे केला. त्याने पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली — एका शब्दाने विचारलं नाही. मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. केळ्यांच्या सालींवर पडली. तो निळा तुकडा अजून दिसतो मला, पण दिसतो म्हणून काय झालं? तेव्हाही दिसतच होता, आणि हात घालून बाहेर काढता येत होता.

तेव्हा मी विचार केला का, की याचं काय होईल? केला. मनातल्या मनात म्हटलं, फार काही होणार नाही, जरा गळेल, माझ्या मागे येईल. माझ्या मागे येईल — हे शब्द जसेच्या तसे मनात आले होते. त्याने माझं ऐकलं. प्रत्येक टेबलावर थांबून भरपूर पाणी प्यायला.

मी चार तास अठरा मिनिटांत पोचलो. पदक गळ्यात घालून फोटो काढला. जनार्दनला मागून गाडीतून आणलं, तंबूत सलाईन लावलं. तो दोन तास काहीबाही बरळत होता. बायकोचं नाव विसरला होता. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, यांनी मीठ घेतलं नव्हतं का? मी म्हणालो, सांगितलं होतं हो मी. घरी येऊन कमरेचा पट्टा सोडला. आठातल्या चार गोळ्या उरल्या होत्या.

आठवड्याने त्याला बघायला गेलो. जाणं भागच होतं, सगळा ग्रुप जाऊन आला होता. त्याची आई पडवीत बसली होती. उन्हाने रापलेली, काटकुळी बाई. मला पाणी दिलं आणि लेकाला फैलावर घेतलं.

‘मिठागरवाल्याचा पोर तू, न् मीठ घेतलं नाय? पुरचुंडी दिलेली, तिचं काय केलंस?’

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला होता. तो खाली कसा ठेवू ते कळेना.

‘पडली गो आई, गर्दीत,’ जनार्दन म्हणाला.

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यावर बोल यायला नको म्हणून आईशी खोटं बोलला. त्याला वाटत होतं, भाऊंची चूक झाली, माणूस आहे, होते चूक. बिचाऱ्याने ती पोटात घातली. आणि मी? मी पेला ठेवला आणि म्हणालो, गर्दी फार होती खरी. ती म्हणाली, ‘भाऊ, तुमी तरी बघायचं व्हतं.’ तिच्या आवाजात संशय नव्हता. नुसती तक्रार होती, घरच्या माणसाजवळ करावी तशी.

मग त्याने मला विचारलं. अंथरुणावर उठून बसला होता, गाल आत गेलेले. ‘पुढच्या वर्षी जमंल ना, भाऊ?’

त्या वेळी मला सगळं धुऊन टाकता आलं असतं. त्याची चुकीची समजूत तशीच ठेवूनही. माझंच चुकलं, पुढच्या वेळी मीठ घे — बस, एवढं म्हटलं असतं तरी तो माणूस पुन्हा उठून पळाला असता. आणि माझ्यापुढे गेला असता. मी म्हणालो, ‘हे बघ जना, काहींच्या अंगात मीठ टिकतच नाही. जन्मजात असतं ते. पळणं तुझ्या अंगाला मानवणार नाही.’

लॅबमधला माणूस मी. विश्वास का ठेवणार नाही तो?

तो पळायचा थांबला. अगदीच थांबला. शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस निघायला लागते तेव्हा सगळे धावतात. हा चालत येतो आणि बस चुकली तर पुढची धरतो. कुणी थट्टा केली तर हसून म्हणतो, आपलं आंग त्यातलं नाय. दर वर्षी आगरातलं पाच किलो मीठ मात्र न चुकता माझ्या घरी आणून देतो. बायको त्याचं कौतुक करते. आमच्या घरी लोणचं त्याच मिठात होतं.

याला कारण देत बसत नाही. वय, कामाचा ताण, लहानपणीचं काही — शोधलं तर सापडेल, सापडतंच. करवंदं देणाऱ्या माणसाचा मला राग आला, आणि तो राग मी सहा वर्षं जपून ठेवला. असा मी आहे.

गेल्या महिन्यात त्याच्या गावावरून जात होतो, त्याने हाका मारून चहाला थांबवलं. त्याची मुलगी आता चौदा वर्षांची आहे. शाळेत पळण्यात पहिली आली, तालुक्याला निवड झाली. दारात उभी होती, पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट, सरावाला निघालेली. आजी आता राहिली नाही. जनार्दन म्हणाला, ‘मी नको सांगतोय तिला. तुम्हीच बोललेलात ना भाऊ, जन्माचं असतंय. बापाचं आंग तसं, तर पोरीचंबी तसंच असंल. नाय का?’

दोघं माझ्याकडे बघत होते. ती तर अशी बघत होती, की जणू सगळं आता माझ्याच एका शब्दावर अवलंबून होतं.

मी म्हणालो, ‘काळजी घेतलेली बरी.’

पोर तिथंच उंबऱ्यावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. मी चहा संपवला आणि निघालो.