टिप्परच्या वाटेवरची हळद

हळद शिजल्याचा वास आला की मला आमचा डोंगर आठवतो. त्यावर खडीक्रशर बसलं, तशी पिकांवर पांढरी धूळ साचू लागली आणि सुरुंगांच्या हादऱ्यांनी विहिरी ढासळू लागल्या. अर्ज करून थकल्यावर बायांनी ठरवलं, टिप्परच्या वाटेवरच हळद वाळत घालायची. देवाला आणि नवरीला लागणारी वस्तू, तिच्यावर चाक कोण घालील? घोषणा द्यायचं काम माझ्याकडं होतं, पण पहिल्याच घोषणेला धूळ घशात गेली आणि मी खोकतच बसलो. "नेत्याला पाणी पाजा गं कुणी," चुलती म्हणाली आणि सगळा रस्ता हसला. तिनं घरची सगळी हळकुंडं पसरली होती. पहिला टिप्परवाला जवळच्या तांड्यावरचा निघाला. खाली उतरून त्यानं चप्पल काढली, हात जोडले. "मावशी, माझ्याच्यानं न्हाई होत," म्हणाला आणि गाडी माघारी नेली. आम्ही जिंकल्यासारखे नाचलो. दुपारी क्रशरच्या मालकानं बाहेरगावचा ड्रायव्हर आणला. त्यानं काच वर केली आणि गाडी घातली. बाया कशाबशा बाजूला झाल्या. चुलतीनं चेंदा झालेली हळद सुपात भरली, घरी नेऊन पाखडली, दळली. मग वर्षभर कालवणात कचकच लागायची. मी थुंकायला उठलो की ती म्हणायची, "काहून थुकून राहिला रे? गिळ. आपला डोंगर हाय त्यो." आता चुलती नाही आणि डोंगराच्या जागी खड्डा आहे. परवा बायकोनं विकतच्या हळदीची आमटी वाढली. दाताखाली काहीच आलं नाही, आणि घास काही खाली उतरेना.