अब्बांचे भोंगे विकले तेव्हा

अब्बा नाटकाच्या मंडपात भोंगा बांधताना पडले, तेव्हा मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. बांबू ओला होता, की दोर निसटला, ते कोणालाच नीट सांगता आलं नाही. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मामू त्यांना घेऊन नागपूरला गेले आणि दोन दिवसांनी शेजारच्या एसटीडीवर निरोप आला, ऑपरेशन करावंच लागेल, पैसे घेऊन या.

आमचं साउंड सर्व्हिसचं छोटं दुकान होतं. गणपती, उर्स, लग्न, सगळीकडे आमचेच भोंगे. पण खरी कमाई धान निघाल्यावर, गावोगावच्या नाटकांची. ऐन हंगामात अब्बा पडले होते. मी अम्मीला म्हटलं, "मी चालवते. मला वायरी जोडता येतात, माइक दुरुस्त करता येतो." चाचा तिथंच बसले होते. ते हसले. "जवान लड़की रातभर मंडप में बैठेगी? लोग क्या बोलेंगे?" लोक काय बोलतील याची काळजी त्यांना नेहमीच फार असायची. भावाच्या ऑपरेशनला मात्र त्यांचा हात तंग होता.

अम्मीनं सामान विकायचं ठरवलं. ते कळलं आणि लोक येऊ लागले. आधी अब्बांची चौकशी करायचे, पण डोळे फळीवरच्या मशीनवर. "कसे हायत भाऊ?" असं विचारतानाच एकाचा हात ॲम्प्लिफायरच्या बटणावर गेलेला मी पाहिला. त्या दिवसांत मला माणसांच्या सहानुभूतीचीच किळस यायला लागली.

मग चाचांनी वडशाचा एक व्यापारी आणला. तोही याच धंद्यातला. जीप घेऊनच आला, म्हणजे घ्यायचं आधीच ठरलेलं होतं. तो सरळ अब्बांच्या खुर्चीवर बसला आणि पन्नी उघडून सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला.

"माल जुना हाय, भाभी," तो म्हणाला. "वाजवून पायल्याबिगर कसा घेऊ?"

मी मशीन अंगणात मांडलं. त्यानं भोंग्याचं तोंड मुद्दाम गल्लीकडे फिरवलं, माइक ओठांना लावला आणि भरल्या तोंडानं ओरडला, "हॅलो, हॅलो! साउंड सर्व्हिस बंद हाय! सामान विकून राह्यले! या पायाले!" गल्लीतली पोरं जमली. बाया दारात आल्या. कोणीतरी हसलं, आणि त्याला आणखी चेव आला. त्यानं एका गाण्याच्या दोन ओळीही म्हटल्या. माइकच्या जाळीवर लाल थेंब उडत होते. अब्बा तो माइक प्रत्येक नाटकाआधी स्वच्छ फडक्यानं पुसायचे, नटांच्या तोंडाशी जातो म्हणून.

अम्मी डोक्यावरची ओढणी धरून उंबऱ्यात उभी होती. तिनं त्याला थांबवलं नाही.

मग तो ॲम्प्लिफायरच्या मागे वाकला. त्याची बोटं वायरीशी चाळा करताना मी स्वतः पाहिली. दुसऱ्या क्षणी भोंगा खरखरला.

"पाहा! आवाज फाटून राह्यला," तो म्हणाला. "अर्ध्या भावातही महाग पडते मले."

"तुम्हीच वायर ढिली केली!" मी म्हटलं.

"चूप!" चाचा माझ्यावर ओरडले. "बड़ों के बीच में नहीं बोलते. अंदर जा, चाय बना."

मी चहा ठेवला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जीप दिसत होती. व्यापारी चाचांना जीपआड घेऊन गेला. त्यानं आधी खर्र्याची पन्नी पुढं केली, चाचांनी चिमूट घेतली. मग त्यानं घडी केलेल्या नोटा चाचांच्या खिशात सरकवल्या. भाऊ नागपूरला खाटेवर पडलेला, आणि हा माणूस त्याच्या सामानावर दलाली खात होता.

मी अम्मीला बाजूला ओढून सांगितलं. ती चहा गाळत होती. तिचा हात थांबलासुद्धा नाही.

"मालूम है मेरे को."

"फिर भी बेचोगी?"

"कल सुबह पैसे भरना है. दूसरी जीप आई है क्या दरवाज़े पे?"

तिनं कप भरले, बशीत बिस्किटं मांडली आणि ट्रे माझ्या हातात दिला. मी तो नेला. त्या दोघांनी बिस्किटं चहात बुडवून खाल्ली.

सामान जीपमध्ये चढलं. निघताना व्यापाऱ्याची नजर दुकानावरच्या पाटीवर गेली. तिच्यावर अब्बांचं नाव होतं. "ते बोर्डही देऊन टाका, भाभी. नावावर गिऱ्हाईक येते. वरून पैसे देतो."

"नाव नाई विकत," अम्मी म्हणाली. त्या दिवसभरात ती त्याच्याशी एवढंच बोलली. तो गेल्यावर आम्ही दोघींनी पाटी उतरवली.

ऑपरेशन झालं. अब्बा काठी घेऊन चालू लागले, पण बांबूवर चढणं कायमचं संपलं. पुढच्या हंगामात सावली तालुक्यातल्या एका गावचे चार जण तणतणत दारात आले. "भाऊ, काऊन असं केलं जी? तुमच्या मशीननं आमचं नाटक बुडवलं. दुसऱ्या अंकापासून आवाजच नाई!" त्या व्यापाऱ्यानं पाटीवाचूनच अब्बांचं नाव लावलं होतं. गावोगाव सांगत फिरायचा, हे त्यांचंच दुकान आहे, मी फक्त चालवतो. अब्बा सांगत राहिले की सामान विकलं, माझा संबंध नाही. ते चौघे ऐकून घेत होते, पण चेहऱ्यावरून कळत होतं, पटलेलं नाही. पंचवीस वर्षं कमावलेलं नाव त्या माणसानं एका हंगामात नासवलं, तेही फुकट.

पुढं अब्बांनी घरीच रेडिओ, टेप दुरुस्तीचं काम सुरू केलं. मी शेजारी बसून सोल्डरचे टाके मारायचे. त्यावर घर चाललं, माझं बी.ए.ही झालं.

बी.ए. झालं त्या वर्षी ईदला चाचा आले. अब्बांना मिठी मारली, डोळे पुसले, आणि शीरखुर्म्याच्या दोन वाट्या संपवल्या. तिसरी अम्मीनं न विचारताच भरली. अब्बांना तिनं दलालीचं कधीच सांगितलं नाही, आणि मलाही बोलू दिलं नाही. चाचांनी तीही संपवून रिकामी वाटी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "बहुत अच्छा बना है, बेटा." मी ती मागच्या अंगणात नेली आणि राख घेऊन घासत बसले. वाटी केव्हाच स्वच्छ झाली होती. अम्मीनं आतून दोनदा हाक मारली, तरी मी उठले नाही.