रुमलीबाईने आईला उचललं तेव्हा

आईच्या पाया पडायला सगळं घर येत होतं. तिला पाणी पाजायला कोणी येत नव्हतं.

तेव्हा ती सहा वर्षांची होती.

आज सकाळी आई गेली. तिच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. ते कसे आले, हे ती फार कमी जणांना सांगायची.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. खापर या गावी आजोबांचं किराणा दुकान होतं. गावात देवी आल्या आणि आईच्या अंगावर उठल्या. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी बंद.

ज्याच्या अंगात देवी, तोच देव. अशी तेव्हा समजूत.

म्हणून आजी रोज खाटेच्या पायथ्याशी दूधभाताची वाटी ठेवायची, लांबून हात जोडायची आणि माघारी जायची. मामा तेव्हा अंगावर पीत होता. तिची भीती मला आता कळते.

पण नैवेद्य ठेवतात, भरवत नाहीत. आईचे डोळे पुवाने चिकटले होते. वाटी कुठे आहे तेही तिला दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रुमलीबाई मोळी घेऊन आली. डोंगरातल्या पाड्यावरची भिल्ल बाई, दर बाजाराला आमच्याकडे लाकडं टाकायची. परसात तिला कण्हणं ऐकू आलं आणि ती सरळ आत शिरली. तिचा स्वतःचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला. एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, म्हणून तिला भीती नव्हती.

आजी म्हणाली, हात लावू नको, देवी कोपेल.

"पोर शे ती," रुमलीबाई म्हणाली. "इतला हात जोडेल शेतस, एक हात पानी पाजाले नही का?"

तिने आईला मांडीवर घेतलं. लुगड्याचा पदर भिजवून थेंब थेंब पाणी तोंडात पिळलं. डोळे पुसले. खाजवायला हात गेला की चापट मारायची, शिव्याही द्यायची. आई म्हणायची, इतके दिवस सगळे मला माय, माता म्हणत होते. ती शिवी ऐकून वाटलं, मी जिवंत आहे.

अकरा दिवस ती राहिली. मग त्याच लुगड्यावर पाड्यावर परत गेली.

महिन्याभरात मोळीवाल्या बायांनी सांगितलं. रुमलीबाईच्या तीन वर्षांच्या मुलीला देवी आल्या. ती गेली.

घरात सगळे म्हणाले, देवीची मर्जी. पाड्यावर कोणी गेलं नाही.

आई दहा वर्षांची असताना रुमलीबाई बाजारात दिसली. आई धावत गेली आणि मनात होतं तेच बोलली.

"तुन्ही पोर मन्हामुये गयी ना?"

"नही माय. तू तं पोर व्हती."

मग आईने विचारलं, असं होणार हे माहीत असतं तर मला उचललं असतंस का?

रुमलीबाई काही बोलली नाही. डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि निघून गेली. पुन्हा भेटली नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. उठता बसता थँक्यू. कॉलेजात असताना मी आईला विचारलं, तू तिला साधं थँक्यू म्हणाली नाहीस?

"जिची पोर गेली, तिला काय म्हणायचं गं?"

थँक्यूऐवजी ती जन्मभर आजाऱ्यांकडे जात राहिली. कॉलनीत, हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात, टीबीच्या पेशंटकडेही. नुसता डबा ठेवून यायची नाही. बसून भरवायची. मी चिडायचे, तुला काही झालं तर? घरी नातवंडं आहेत.

पण घरी आली की आधी परसात आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, मगच नातवंडांना जवळ घ्यायची. थंडीतसुद्धा. आम्ही तिला हसायचो.

गेल्या आठवड्यात तिला विचारलं, रुमलीबाईचं उत्तर काय असेल असं वाटतं?

ती म्हणाली, "हो म्हणाली असती तर मला खोटं वाटलं असतं. नाही म्हणाली असती तर मी जगले नसते. गप्प राहिली, हे तिचे दुसरे उपकार."

आई, नीट जा.

आणि त्या तीन वर्षांच्या मुलीलाही आज हात जोडते. तिचं नाव विचारायचं धाडस आईला कधीच झालं नाही.