चिनी लग्नाची धवलारीण

आमच्या घरात चिनी मालिकांचं खूळ आणलं ते माझ्या नणंदेनं. ती वाशिंदला कंपनीत कामाला जाते, तिथल्या पोरी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर त्या हिंदीतून बघतात. दिवेलागणीला ती आटगावला उतरून घरी आली की माझा मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायची. मी भाकऱ्या थापायचे, सासूबाई लसूण सोलायच्या आणि समोर एक राजपुत्र तलवारीवर उभा राहून आभाळातून जायचा.

सासूबाईंना पहिले आठ दिवस काही म्हणता काही पटलं नाही. "पांढरे कपडे का गो सगळ्यांना? कोन मेलं?" नायिकेनं केस वर बांधले की अख्खं राज्य तिला पुरुष समजायचं, तेव्हा तर त्या चिडायच्याच. "आंधळे हायत का मेले?" नायक दर भागात वाटीभर रक्त ओकायचा. "छातीचा फोटो काढा कुनीतरी त्याचा," त्या म्हणायच्या.

मला मात्र आवडायचं. नायिका पायरीवरून पडली रे पडली की तो तिला गरगर फिरवत अलगद झेलायचा. मी लावणीच्या वेळी चिखलात आपटले होते, तेव्हा माझ्या नवऱ्यानं आधी माझ्या हातातली रोपं उचलली होती. बोलायलाच नको.

आता सासूबाई कोण ते सांगते. आमच्याकडे लग्नाला धवलारीण लागते. ती धवले गाते, गाण्यातून एकेका देवाला मांडवात बोलावते, आणि तिच्या गाण्यावर नवरीला हळद चढते. सासूबाईंनी शहापुरापासून म्हशापर्यंत कितीतरी मांडव गाजवले. पण सासरे गेले आणि त्यांनी गाणं सोडलं. कुणी नको म्हटलं नव्हतं, त्यांनीच सोडलं. वैशाखात नणंदेचं लग्न ठरलं, तरी या म्हणे दुसरी धवलारीण बघा. "माज्या तोंडचा धवला माज्या पोरीला बाधायला नको."

मी कडाकडा भांडले. नणंद रडली, एक दिवस जेवली नाही. "आयेच्या धवल्याबिगर मी हळद लावून घेनार नाय," म्हणाली. सासूबाई ऐकेनात. मला इतका राग आला होता की काय सांगू!

अशात एका संध्याकाळी मालिकेत लग्न निघालं. नवरा-नवरी लाल कपड्यांत, दोघं तीनदा वाकली की लग्न लागलं, अशी तिकडची रीत. आधी दोन वेळा इथपर्यंत येऊन फिसकटलं होतं. एकदा कुणी विष घातलं, एकदा राक्षस आला. आता दोनदा वाकून झालं होतं.

सासूबाईंनी लसूण खाली टाकला. "थांबव गो ते!"

नणंदेनं घाबरून थांबवलं. "काय झालं, आये?"

"यांची धवलारीण कुठं हाय? देवांना बोलावलं कुनी? हळद नाय, मांडव नाय, आनि म्हने लग्न मोडतं! मोडंल नाय तर काय व्हईल?"

आणि त्या पदर सावरून मोबाइलसमोर बसल्या आणि गायला लागल्या. तीन वर्षांनी! एकेका देवाला हाक मारून त्या चिनी मांडवात बोलावलं, आमचा गावदेव आणि म्हशाचा खांबलिंगेश्वरसुद्धा. माझी भाकरी तव्यावर कोळसा झाली. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "आता चालव." ती दोघं तिसऱ्यांदा वाकली. मागाहून फौज आली, पण लग्न लागून गेलं होतं.

माझ्याच्यानं राहवेना. "चीनच्या पोरीला चालतो तुमचा धवला, आणि पोटच्या पोरीला बाधतो?"

त्यांनी खाली पडलेला लसूण गोळा केला. मग म्हणाल्या, "हिचा संसार नीट होतो का बगू. मंग ठरवीन."

झालं! नणंदेच्या लग्नाचं सगळं त्या रक्त ओकणाऱ्यावर येऊन ठेपलं. आणि दुसऱ्या दिवशी नणंद कामावरून पांढरीफटक होऊन आली. कंपनीतल्या पोरींनी शेवट सांगितला होता. शेवटच्या भागात तो मरतो.

लिहिणारा तेव्हा हाती लागता, तर मी त्याला लाटण्यानं बडवला असता. पण शेवटून दुसरा भाग बरा होता. दोघं डोंगरात झोपडी बांधतात, भाजी लावतात. तो झाला आणि नणंदेनं मोबाइल बंद केला. "संपली."

"संपली?" सासूबाई म्हणाल्या. "आनि पोरंबाळं?"

"झाली ना," मी चुलीपाशून ओरडले. "जुळी झाली."

"बरं झालं बाय," म्हणाल्या आणि निजायला गेल्या. चार दिवसांनी आपणहून म्हणाल्या, "दुसरी बगू नका. मी गाईन."

हळदीला त्यांनी डीजेवाल्याला हातानंच गप्प केलं. पहिल्या ओळीला आवाज फाटला, मग लागला तो लागलाच. नणंदेच्या गालावरची हळद रडून रडून धुऊन गेली. मीही रडले, लपवत नाही.

लग्न होऊन ती सासरी गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघीच चुलीपाशी होतो. सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "तो मेला गो."

"अगं बाई! कोण?"

"तो रक्त ओकनारा. तू पान्याला गेलेलीस, तुजा मोबाइल चार्जिंगला होता. त्यावर त्या दोघांचा फोटू दिसला, बोट लावलं, तर फुडचा भाग सुरू झाला."

माझे हात पिठातच राहिले. "कधी?"

"तुमी संपली म्हनालात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"म्हणजे गाईन म्हणालात त्याच्या आधी? तरी गायलात?"

"लय रडले त्या दिवशी. वाटलं, बगा, माजा धवला बाधलाच." त्यांनी सालं फुंकून टाकली. "मंग म्हटलं, माजी पोर माज्याशी कदी खोटं बोलत नाय. आता बोलली. येवढी मी पायजे हाय तिला."